अंकांची उलटतपासणी

विद्यापीठांतील अध्यापकांस आकडे वाचावयास शिकविले पाहिजे असे कोणी म्हटले, तर पुष्कळांस तो अध्यापकवर्गाचा अधिक्षेप वाटेल. ज्यांनी पदव्या मिळविल्या, प्रबंध लिहिले, दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिकांवर गुण मांडिले, त्यांस अंकांची ओळख नव्याने ती काय करून द्यावयाची? परंतु अंक ओळखणे निराळे आणि अंकांची झडती घेणे निराळे. अमुक तक्ता कोणी तयार केला, कोणत्या हेतूने केला, मूळ नोंद कोणाच्या हातची, सरासरी काढली ती कोणत्या रीतीने, आणि तक्त्यात जे आले नाही ते का आले नाही, हे प्रश्न विचारण्याची सवय पदवीबरोबर आपोआप अंगी येत नाही. अलीकडे पाश्चात्त्य विद्यापीठांतून या सवयीस आकड्यांची चिकित्सक साक्षरता असे काहीसे नाव मिळाले आहे; आणि ती अध्यापकांस मुक्त शिक्षणाच्या द्वारे, म्हणजे सर्वांस विनामूल्य खुल्या असलेल्या पाठांच्या व ग्रंथांच्या साहाय्याने, द्यावी असा विचार चालू आहे. विचार उत्तम आहे. तो सर्वस्वी नवा मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत व पुण्यात काही थोड्या माणसांनी नेमके हेच कार्य केले, आणि त्यातील एका शाळामास्तराने तर एका कॉलेजातील प्रोफेसरास आकडे वाचावयास शिकविले. ती हकीकत वाचकांपुढे मांडावी असा आमचा हेतू आहे.

आरंभ मुंबईपासून करणे युक्त होईल. 1848 साली एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक व तरुण विद्यार्थी यांनी मिळून विद्यार्थ्यांची एक साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापिली, आणि तिच्या मराठी व गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. येथे निबंध वाचले जात, व्याख्याने होत, आणि ती देशी भाषांत होत असल्यामुळे ज्यांस कॉलेजाचा दरवाजा कधी ओलांडता आला नसता अशांच्याही कानी नव्या विद्येचे चार शब्द पडत. या उद्योगात पुढाकार घेणाऱ्या तरुणांपैकी एक दादाभाई नौरोजी. एल्फिन्स्टनमध्ये गणित व सृष्टिशास्त्र या विषयांचे प्रोफेसर होण्याचा मान एतद्देशीयांपैकी प्रथम त्यांस मिळाला. दादाभाईंची स्मृती आपण राजकारणी म्हणून जपतो. ते गणिताचे शिक्षक होते ही गोष्ट बहुधा चरित्राच्या पहिल्या प्रकरणातच राहून जाते. आमच्या मते त्यांच्या राजकारणाचे अर्धे मर्म त्या पहिल्या प्रकरणात आहे.

हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयीची आपली टिपणे दादाभाईंनी 1873 साली पार्लमेंटच्या एका निवडक समितीपुढे ठेविली होती. ती समितीच्या अहवालात छापली गेली नाहीत. तेव्हा ती वाढवून त्यांनी 1876 साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे वाचली. दर माणशी वार्षिक उत्पन्न 20 रुपये, हा त्यांचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. परंतु निष्कर्षापेक्षा तो काढण्याची रीत अधिक बोधप्रद आहे. आकडे सर्व सरकारी होते. प्रांतोप्रांतीच्या वार्षिक अहवालांतून घेतलेले. दादाभाईंनी ते जसेच्या तसे उचलले नाहीत. अहवाल लिहिणाऱ्यांनी सरासरी कशी काढली आहे हे त्यांनी प्रथम तपासले, आणि त्यांस असे आढळले की, निरनिराळ्या जिल्ह्यांतील भावांची नुसती बेरीज करून तीस जिल्ह्यांच्या संख्येने भागिले आहे. कोणत्या जिल्ह्यात किती पीक झाले याचा त्यात विचारच नाही.

हा दोष किती मोठा, हे एका कल्पित उदाहरणाने दाखविता येईल. एका जिल्ह्यात 9 मण भात पिकले व ते रुपया मण भावाने विकले. दुसऱ्यात एकच मण पिकले व तेथे भाव 6 रुपये होता. दोन भावांची बेरीज करून दोहोंनी भागिले तर सरासरी साडेतीन रुपये येते. पण खरोखर 10 मण भाताचे 15 रुपये आले. म्हणजे मणास दीडच रुपया पडला. मध्यप्रांताच्या 1867-68 च्या अहवालात असाच प्रकार झाला होता. तेथे तांदळाचा सरासरी भाव मणास 2 रुपये 12 आणे 7 पै असा दिलेला होता. दादाभाईंनी पिकाचे प्रमाण लक्षात घेऊन हिशेब केला तेव्हा तो 1 रुपया 8 आणे निघाला. जवळ जवळ निम्मा! सरकारी अंकाप्रमाणे चालले असते तर मध्यप्रांताचा शेतकरी कागदावर दुप्पट सधन झाला असता, आणि त्याच्या घरात एक दाणाही अधिक आला नसता.

परंतु दादाभाईंची खरी थोरवी त्याच तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात आहे, आणि तिकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. दर एकरी पिकाची सरासरीही अहवालकर्त्यांनी त्याच चुकीच्या रीतीने काढली होती. ती 579 पौंड दिलेली होती. दादाभाईंनी दुरुस्ती केली तेव्हा ती 759 पौंड झाली, म्हणजे वाढली. भावाची दुरुस्ती त्यांच्या पक्षाला अनुकूल होती. पिकाची दुरुस्ती प्रतिकूल होती. ज्याला केवळ वादच जिंकावयाचा आहे तो पहिली दुरुस्ती गाजवील आणि दुसरीविषयी मौन धरील. दादाभाईंनी दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच स्वरात सांगितल्या. आकड्यांची चिकित्सा आणि आकड्यांची वकिली यांतील भेद दाखवावयास याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

दादाभाईंचा स्वतःचा हिशेब निर्दोष होता असे नव्हे. त्यांनी मुख्यतः मालाचे उत्पादन धरले. गाडीवान, न्हावी, शिक्षक, वैद्य यांच्या श्रमाची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरण्याची जी रीत अर्थशास्त्रात पुढे रूढ झाली ती त्यांनी पाळली नाही. परंतु त्यांनी आपली प्रत्येक पायरी उघडी ठेविली असल्यामुळेच ही उणीव आज कोणासही दाखविता येते. याच्या उलट 1882 साली सर इव्हलिन बेअरिंग यांनी दर माणशी उत्पन्न 27 रुपये असल्याचे जाहीर केले. पण दादाभाईंनी त्या हिशेबाचा तपशील मागितला तेव्हा तो त्यांस मिळाला नाही. 1901 साली लॉर्ड कर्झन यांनी 30 रुपयांचा अंक सांगितला. वीस, सत्तावीस, तीस: अंक चढत गेले. त्यांतील कोणता खरा हे ठरविण्यासाठी रीत उघडी असावी लागते, आणि तीच झाकून ठेविली तर अंक म्हणजे निव्वळ अधिकारवाणी उरते. मुक्त शिक्षणाची चर्चा करणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. फळ फुकट वाटले म्हणजे ज्ञान मुक्त झाले असे होत नाही.

आता पुण्याकडे वळू. येथे 1870 साली सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि पुढील वर्षी माधवराव रानडे पुण्यास बदलून आले. सभेने 1872-73 च्या सुमारास शेतकरीवर्गाच्या स्थितीची चौकशी केली; 1876 ते 1878 च्या दुष्काळात आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून खेड्यांची हकीकत गोळा केली व ती सरकारास कळविली. 1878 पासून सभेचे इंग्रजी तिमाही पुस्तक निघू लागले. त्यातील बहुतेक लेख निनावी असत, आणि त्यांतील पुष्कळसे रानड्यांच्या हातचे होते हे आता सर्वमान्य आहे. सारा, जंगल, विलायतेस जाणारा पैसा, पतपेढ्या, हुंडणावळ, असे विषय. आणि प्रत्येकाच्या मुळाशी सरकारी अहवालांतून वेचून काढलेले अंक. ते अहवाल गुप्त नव्हते. छापलेले होते, पैसे टाकून मिळत होते. पण ते उलगडून दाखविणारा कोणी नव्हता, म्हणून ते असूनही नसल्यासारखे होते.

सभेच्या इतिहासात दोन ग. व्यं. / ग. वा. जोशी येतात, आणि इंग्रजी आद्याक्षरे एकच असल्यामुळे त्यांची नेहमी गल्लत होते. गणेश वासुदेव जोशी म्हणजे खादी नेसून दिल्ली दरबारास गेलेले प्रसिद्ध सार्वजनिक काका. ते 1880 साली वारले. आम्हांस येथे सांगावयाचे ते दुसऱ्याविषयी, गणेश व्यंकटेश जोशी यांजविषयी. हे सरकारी हायस्कुलात शिक्षक, पुढे सोलापुरास हेडमास्तर. सरकारी नोकरीत असल्यामुळे सरकारच्या हिशेबावर टीका करावयाची ती नाव न घालता करणे प्राप्त होते. शाळा सुटली की हा गृहस्थ अंदाजपत्रके, खानेसुमारीचे अहवाल, आयात-निर्यातीचे तक्ते घेऊन बसे, आणि तिमाहीसाठी असे लेख लिही की, त्यांतील एखादा आकडा उपटून काढणे प्रतिपक्षास दुर्घट व्हावे. शिक्षणखात्याच्या श्रेणीत कॉलेजचा प्रोफेसर वरचा आणि हायस्कूलचा मास्तर खालचा. पण विद्येला ती श्रेणी ठाऊक नसते.

जोशांच्या या निनावी विद्यापीठातील सर्वांत नामांकित विद्यार्थी गोपाळराव गोखले. त्यांचा जन्म 1866 सालचा; 1884 साली ते एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व नंतर फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. अंकगणितावर त्यांचे प्रसिद्ध शालेय पुस्तक आहे. म्हणजे बेरीज-वजाबाकी त्यांस कोणी शिकवावी अशी स्थिती नव्हती. 1887 साली तिमाहीचे संपादन त्यांजकडे आले, आणि रानड्यांची शिस्त सुरू झाली. सरकारकडे धाडावयाचे अर्ज व टिपणे तयार करण्यात या तरुणाचे आठवडे जात. एवढे कष्ट करून सरकार तर उत्तरही देत नाही, मग उपयोग काय, असे त्याने एकदा विचारले असता रानड्यांनी जे समजाविले ते गोखल्यांनीच पुढे सांगून ठेविले आहे. त्याचा भावार्थ असा की, हे अर्ज नावाला सरकारकडे जातात; खरे पाहता ते लोकांसाठी आहेत, या गोष्टींचा विचार करावा कसा हे लोकांस कळावे म्हणून. खुल्या शिक्षणाची याहून चांगली व्याख्या आम्ही अद्याप कोठे वाचलेली नाही, आणि ती सांगणारा कोणी शिक्षणशास्त्रज्ञ नव्हता, एक न्यायाधीश होता.

1895 साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यास लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक रॉयल कमिशन नेमले गेले. त्यापुढे साक्ष देण्यास दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रह्मण्य अय्यर यांजबरोबर गोखलेही 1897 साली विलायतेस गेले. वय तीस. साक्षीचा मसुदा सिद्ध करण्यात जोशांचे साहाय्य होते, रानड्यांचा हात होता. एप्रिलच्या 12 व 13 तारखांस गोखल्यांची उलटतपासणी झाली. समोर मुरलेले इंग्रज अर्थाधिकारी. आणि कमिशनचे सभासद म्हणून त्याच मेजावर दादाभाई नौरोजी बसलेले. एल्फिन्स्टनचा जुना गणितशिक्षक ऐकत आहे, फर्ग्युसनचा प्रोफेसर बोलत आहे, आणि ज्याने आकडे रचून दिले तो मास्तर हजारो मैल दूर आपल्या शाळेत आहे, असे हे दृश्य होते. गोखले त्या परीक्षेतून उत्तम रीतीने पार पडले.

पण त्याच प्रवासात दुसरी एक गोष्ट घडली, आणि ती गाळून ही हकीकत सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता. गोरे शिपाई घरोघर तपासणी करीत, आणि त्यांच्या वर्तनाविषयी पुण्याहून गोखल्यांस भयंकर मजकुराची पत्रे येत. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी विलायतेतील वृत्तपत्रांत स्त्रियांवरील अत्याचाराचे आरोप प्रसिद्ध केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना. आणि गोखल्यांस जाहीर माफी मागावी लागली. लोक धास्तावलेले होते, चापेकर प्रकरणानंतर शहरात दडपशाही चालू होती, तेव्हा साक्षीदार न मिळणे म्हणजे घटना न घडणे असे कोणी समजू नये. तथापि शास्त्रदृष्ट्या पाहता, जी कसोटी या पुरुषाने सरकारच्या प्रत्येक अंकास लाविली, तीच त्याने स्वकीयांच्या पत्रांस लाविली नाही, हे खरे. कोणत्याही आकड्याकडे किंवा बातमीकडे पाहताना, ती आपल्या मनास रुचते म्हणून आपण तिची झडती सौम्यपणे घेतो आहोत काय, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. 1876 साली दादाभाईंनी तो आपल्या एकरी पिकाविषयी स्वतःस विचारला होता.

गोखल्यांचा पुढचा मोठा प्रसंग 26 मार्च 1902 चा. वरिष्ठ कायदेमंडळात त्या दिवशी त्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारची तिजोरी भरली होती. सुमारे 7 कोटींची शिल्लक होती, आणि ही शिल्लक म्हणजे देशाच्या भरभराटीची खूण असे अधिकारी समाधानाने सांगत होते. इतरांनी अभिनंदन केले. गोखल्यांनी, शिल्लक आली कोठून, असे विचारले. त्याचे उत्तर हुंडणावळीत होते. रुपयाचा भाव एके काळी 13 पेन्सांच्या आसपास उतरला होता. टांकसाळी खाजगी चांदीस बंद करून तो 16 पेन्सांवर आणला गेला. विलायतेस एक पौंड पाठविण्यास 13 पेन्सांच्या भावाने सुमारे साडेअठरा रुपये पडत. 16 पेन्सांच्या भावाने 15 च पुरतात. म्हणजे रुपया घसरत असताना तूट भरून काढण्यासाठी जे कर वाढविले, ते रुपया सावरल्यावरही तसेच चालू राहिले, आणि त्या दुहेरी लाभाची शिल्लक झाली. प्रजा दुष्काळाने व प्लेगने जर्जर झालेली आणि खजिना तुडुंब, हा विसंगत देखावा त्यामुळे उलगडला. 1903 साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. या भाषणांसाठी जोशी टिपणे पुरवीत. गोखले त्यांस पत्रे लिहून शंका विचारीत. प्रोफेसर शिकत होता, तेही कायदेमंडळात बसल्यानंतर.

ही परंपरा पुढे क्षीण झाली असे नाही. 1918 साली खेडा जिल्ह्यात जो लढा झाला तो मुळात एका आकड्याचा होता. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा असा नियम. अधिकारी म्हणत आणेवारी चारांच्या वर आहे, शेतकरी म्हणत खाली आहे. तेव्हा गोखल्यांच्या भारत सेवक समाजातील मंडळींनी जाऊन प्रत्यक्ष चौकशी केली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून तिचा ग्रंथ 1917 साली प्रसिद्ध केला; जातेगाव बुद्रुकची दुसरी पाहणी ना. वि. कानिटकर यांच्या साहाय्याने 1921 साली बाहेर आली. मग 1930 साली गोखल्यांच्या नावाची अर्थशास्त्रसंस्था पुण्यात निघाली आणि धनंजयराव गाडगिळांच्या हाताखाली ती नावारूपास आली. हा सर्व भाग स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आजची स्थिती काय आहे? साधनांचा तर सुकाळ आहे. 2001 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या प्रसिद्ध संस्थेने आपले पाठ जगास खुले करण्याचे ठरविले. 2002 साली युनेस्कोच्या एका परिषदेत मुक्त शैक्षणिक साधने ही संज्ञा प्रचारात आली. 2019 साली त्या संस्थेने राष्ट्रांस तद्विषयक शिफारस केली. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, आणि 2017 पासून स्वयम् या नावाने केंद्र सरकारचे पाठ घरबसल्या मिळतात. सरकारी आकडेही 2012 पासून एका ठिकाणी संगणकावर खुले होऊ लागले. जोशांस जे तक्ते मिळविण्यास महिने लागले असतील ते आज बोटाच्या टोकाशी आहेत.

आणि अध्यापक? त्याचे जीवित पूर्वी कधी नव्हते इतके अंकांनी वेढलेले आहे. महाविद्यालयाचे मूल्यांकन 1994 पासून, त्याच्या स्वतःच्या कामाचे गुणांकन 2010 पासून, संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी 2015 पासून. शिवाय त्याचे लेख किती जणांनी उद्धृत केले यावरून त्याची विद्वत्ता मोजणारे निर्देशांक निराळेच. वर्षातून दोनदा तरी तक्ते भरून द्यावयाचे असतात. आम्ही पाहिलेल्या अशा एका तक्त्यात विभागवार उत्तीर्णांच्या टक्केवारीची बेरीज करून तीस विभागांच्या संख्येने भागिले होते. एका विभागात 10 विद्यार्थी, सर्व उत्तीर्ण; दुसऱ्यात 200, त्यांतील 80 उत्तीर्ण. तक्ता म्हणतो, सरासरी 70. वस्तुतः 210 पैकी 90 उत्तीर्ण झाले, म्हणजे शेकडा 43 च्या आत. मध्यप्रांताच्या अहवालकर्त्यांची रीत दीडशे वर्षांनंतर जशीच्या तशी! आणि त्या तक्त्यावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांत संख्याशास्त्राचेही अध्यापक होते. त्यांस रीत ठाऊक नव्हती असे आम्ही म्हणणार नाही; तक्ता हा भरावयाचा असतो, वाचावयाचा नसतो, अशी समजूत झाली होती, इतकेच. सत्तर आणि त्रेचाळीस यांमध्ये जे अनुत्तीर्ण विद्यार्थी दडले, त्यांच्यासाठी जादा वर्ग काढावेत असे मग कोणास वाटावे?

अध्यापकांसाठी जे उजळणीवर्ग चालतात त्यांत संगणकावर तक्ता कसा मांडावा, आलेख कसा काढावा, हे आता पुष्कळ शिकवितात. हे उपयुक्त आहे. पण याने सार्वजनिक सभेच्या कारकुनाचे काम साधेल, जोशांचे साधणार नाही. आमची सूचना अशी आहे की, या वर्गांचा पहिला पाठ परदेशातून न आणता दादाभाईंच्या त्या दोन रकान्यांनी करावा. अध्यापकांस मूळ अहवालातील तक्ता द्यावा, उत्तर सांगू नये, आणि प्रथम भावाची चूक शोधावयास लावून मग एकरी पिकाची शोधावयास लावावी. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयाचा गेल्या वर्षीचा अहवाल घेऊन बसावे. दादाभाईंचा ग्रंथ आज कोणासही विनामूल्य वाचावयास मिळतो. खर्च काही नाही.

गणेश व्यंकटेश जोशी पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले, रावबहादूर झाले, आणि 1911 साली वारले. दुसऱ्या वर्षी पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून त्यांच्या लेखांचा व भाषणांचा एक जाडजूड इंग्रजी संग्रह निघाला. तिमाहीच्या ज्या लेखांवर पंचवीस-तीस वर्षे कोणाचेच नाव नव्हते, त्यांतील पुष्कळांस त्या पुस्तकात प्रथम धनी मिळाला.